विश्लेषण : सायकल ट्रॅक वेगळा केला की सायकलस्वार सुरक्षित होतो का?

मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास मोठा खर्च करून सायकल ट्रॅक बांधण्यात आला. २०२५ मध्ये तोच ट्रॅक काढून ती जागा वाहनांसाठी रस्ता रुंद करण्याकरिता वापरण्याचा निर्णय एमएमआरडीएने घेतला. एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातही वेगळे सायकल ट्रॅक बांधण्यात आले. आज त्यांपैकी अनेकांवर सायकलीपेक्षा उभ्या मोटारी, हातगाड्या आणि राडारोडाच अधिक दिसतो. त्यामुळे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. सायकलसाठी वेगळी जागा देण्याची गरज आहे का? आणि दिली तर सायकलस्वार खरोखरच वाचतो का? जगभरात या प्रश्नांवर पन्नास वर्षे वाद सुरू आहे आणि त्याचे उत्तर ट्रॅकच्या लांबीपेक्षा त्याच्या आराखड्यात दडलेले आहे.

वाद नेमका काय आहे?

या वादाला तीन बाजू आहेत. पहिली बाजू म्हणते, मोटार आणि सायकल यांच्या वजनात आणि वेगात एवढी तफावत आहे की त्यांना एकाच पट्ट्यात ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. दुसरी बाजू म्हणते, रस्ते आधीच अपुरे आहेत. मूठभर सायकलस्वारांसाठी दीड-दोन मीटर जागा काढून घेतली तर कोंडी वाढेल. तिसरी बाजू काहीशी अनपेक्षित आहे. ती अनुभवी सायकलपटूंची आहे. त्यांच्या मते वेगळा ट्रॅक सुरक्षिततेचा आभास निर्माण करतो, प्रत्यक्षात चौकात तो अधिक धोकादायक ठरतो.

या तिन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच ‘ट्रॅक हवा की नको’ एवढ्यावर चर्चा थांबली तर हाती काही लागत नाही. कोणत्या रस्त्यावर, किती रुंदीचा, कशाने वेगळा केलेला आणि चौकात काय व्यवस्था असलेला ट्रॅक, असे प्रश्न विचारावे लागतात.

पांढरा पट्टा, खांब की उंच कठडा?

सायकलसाठी जागा राखण्याचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. सर्वात स्वस्त प्रकार म्हणजे रस्त्यावर रंगाने आखलेला पट्टा. तो एका रात्रीत आखता येतो, पण त्यात मोटार शिरण्यापासून रोखणारे काहीच नसते. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिकचे लवचीक खांब किंवा बोलार्ड लावले जातात. बेंगळूरुच्या बाह्यवळण रस्त्यावर २०२० मध्ये असा प्रयोग झाला. तिसऱ्या प्रकारात काँक्रीटचा कठडा, झाडांची पट्टी किंवा उभ्या मोटारींची रांग सायकल आणि वाहतूक यांच्यामध्ये येते. न्यूयॉर्कने २००७ मध्ये नाइन्थ अॅव्हेन्यूवर पार्किंगची रांग रस्त्याच्या बाजूला सरकवून तिच्या आड सायकलचा मार्ग आखला. चौथ्या प्रकारात ट्रॅक रस्त्यापेक्षा उंच, पण पदपथापेक्षा किंचित खाली असतो. कोपनहेगनमध्ये हीच पद्धत रूढ आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाचवाच प्रकार दिसतो. पदपथाच्याच एका भागाला वेगळ्या रंगाचे पेव्हर ब्लॉक बसवून त्यावर सायकलचे चित्र काढायचे. यात पादचारी आणि सायकलस्वार एकमेकांच्या वाटेत येतात आणि दोघेही शेवटी रस्त्यावर उतरतात.

प्रत्येक रस्त्याला वेगळा ट्रॅक लागतोच असे नाही. गल्लीत किंवा सोसायट्यांमधल्या रस्त्यावर वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवला, तर सायकल आणि मोटार एकत्र चालू शकतात. वेग ताशी ५० किलोमीटर झाला की धडकेतील ऊर्जा ३०च्या तुलनेत जवळपास पावणेतीन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा मोठ्या रस्त्यांवर मधला भक्कम अडथळा आवश्यक ठरतो.

सायकलपटूंनीच विरोध का केला?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेव्हिस शहराने १९६७ मध्ये सायकलसाठी वेगळे पट्टे आखले. त्यानंतर काही वर्षांत पालो आल्टो शहराने सायकलस्वारांना पदपथावरील मार्ग वापरण्यास सांगितले, तेव्हा जॉन फॉरेस्टर या अभियंत्याने त्याला कडाडून विरोध केला. सायकल हेही वाहनच आहे. सायकलस्वाराने वाहनाप्रमाणे रस्त्याच्या मुख्य पट्ट्यातून, वाहतुकीचे नियम पाळत चालावे, म्हणजे तो चालकांना दिसतो, असा त्यांचा सिद्धांत होता. पुढची अनेक वर्षे अमेरिकेतील रस्तेबांधणीवर या विचाराचा प्रभाव राहिला.

त्यांच्या युक्तिवादातला एक भाग आजही खरा आहे. बहुतेक धडका चौकात आणि वळणावर होतात. पार्किंगच्या किंवा झाडांच्या आड दडलेला सायकलस्वार चौकात अचानक चालकासमोर येतो. मात्र या सिद्धांताला मर्यादाही होती. ताशी ३० किलोमीटर वेगाने सायकल दामटणाऱ्या तरुणाला हा सल्ला पाळता येतो. शाळेत निघालेली दहा वर्षांची मुलगी किंवा मागे भाजीची पाटी बांधलेला साठीचा माणूस ट्रकच्या पुढे मुख्य पट्टा धरून चालू शकत नाही. ज्यांच्यासाठी सायकल ही गरज आहे, ते या गृहीतकातून बाहेरच राहिले.

अभ्यास काय सांगतात?

वेगळ्या ट्रॅकच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास कॅनडातील आहे. टोरांटो आणि व्हँकूव्हर येथे सायकलवरून पडून किंवा धडकून रुग्णालयात आलेल्या ६९० जणांच्या मुलाखती घेण्यात आल्या. अपघात झाला ती जागा आणि त्याच फेरीतील दुसरी एखादी जागा यांची तुलना करण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, कडेला मोटारी उभ्या असलेल्या आणि सायकलसाठी कोणतीही सोय नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत वेगळ्या ट्रॅकवरील धोका सुमारे एक नवमांश होता. माँट्रियलमधील २०११ च्या अभ्यासात ट्रॅक असलेल्या रस्त्यांवर जखमी होण्याचे प्रमाण तुलनेच्या रस्त्यांपेक्षा २८ टक्के कमी आढळले. अमेरिकेतील १२ मोठ्या शहरांच्या २०१९ मधील अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. अडथळ्याने वेगळे केलेले सायकल मार्ग जिथे अधिक, तिथे मोटारचालकांसह सर्वांचेच रस्त्यावरील मृत्यू कमी होते.

पण विरोधी पुरावाही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो खुद्द कोपनहेगनमधून आला. सायकल ट्रॅक बांधण्याआधीची आणि नंतरची स्थिती तपासणाऱ्या तेथील अभ्यासात सायकल वाहतूक १८ ते २० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. पण त्या रस्त्यांवरील अपघात आणि जखमींची संख्याही ९ ते १० टक्क्यांनी वाढली. दोन चौकांच्या मधल्या भागात अपघात घटले, चौकांत मात्र वाढले. याचे एक कारण असे की ट्रॅकसाठी मुख्य रस्त्यावरील पार्किंग काढले, त्यामुळे मोटारी बाजूच्या गल्ल्यांत वळू लागल्या आणि प्रत्येक वळण सायकलस्वाराच्या मार्गाला छेद देऊ लागले.

वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि पोर्टलंड या शहरांतील २०२० च्या अभ्यासाने यात भर घातली. रस्त्याच्याच पातळीवर, एका बाजूला, दोन्ही दिशांच्या सायकलींसाठी केलेला ट्रॅक तुलनेने धोकादायक ठरला. पुलावरचा किंवा रस्त्यापासून उंच असलेला ट्रॅक सुरक्षित ठरला. कारण सोपे आहे. वळणाऱ्या चालकाची नजर वाहतूक येते त्या दिशेला असते. उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते.

या सर्व अभ्यासांचा एकत्रित अर्थ असा : ट्रॅक दोन चौकांच्या मध्ये जीव वाचवतो, चौकात वाचवेल की नाही, हे चौकाचा आराखडा ठरवतो.

चौकात नेमके काय घडते?

भारतात वाहने डावीकडून चालतात. सायकलस्वार रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला असतो. त्याला चौकातून सरळ जायचे असते आणि त्याच्या उजवीकडील बस किंवा ट्रकला डावीकडे वळायचे असते. मोठ्या वाहनाच्या डाव्या बाजूचा बराच भाग चालकाला दिसत नाही. वाहन वळते, त्याचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते आणि सायकलस्वार त्या कोपऱ्यात सापडतो. ट्रॅक चौकाच्या तीस-चाळीस मीटर आधीच संपवून सायकलस्वाराला वाहतुकीत सोडून दिले तर हा धोका जसाच्या तसा राहतो. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक नेमके इथेच संपतात. त्यातच ‘फ्री लेफ्ट’साठी कोपरा गोलाकार कापून मोठा केलेला असतो. त्यामुळे वाहने वेग कमी न करताच वळतात.

नेदरलँड्समध्ये यावर उपाय म्हणून चौकाची मांडणीच बदलण्यात आली. तिची तत्त्वे चार. एक, चौकाच्या कोपऱ्यावर काँक्रीटचे छोटे बेट असते. त्यामुळे वळण काटकोनाजवळ जाते आणि मोटारीला वेग कमी करावाच लागतो. दोन, सायकल ओलांडण्याची जागा मुख्य रस्त्यापासून सुमारे एका मोटारीच्या लांबीएवढी आत असते. वळून पूर्ण झालेल्या मोटारीसमोर सायकलस्वार आडवा येतो, तो काचेतून थेट दिसतो आणि थांबायला जागा मिळते. तीन, सिग्नलला सायकलची थांबरेषा मोटारींच्या पुढे असते. चार, सायकलचा हिरवा दिवा काही सेकंद आधी लागतो किंवा वळणाऱ्या वाहनांसाठी वेगळा टप्पा असतो. यातील एकाही गोष्टीसाठी महागडे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ते चौकातील जागेचे नव्याने वाटप.

बसथांबा हीदेखील अशीच अडचणीची जागा आहे. बस कडेला येताना ट्रॅक कापते आणि प्रवासी ट्रॅकवर उतरतात. थांबा रस्त्याकडे सरकवून ट्रॅक त्याच्या मागून नेणे हा प्रचलित उपाय. पण ब्रिटनमध्ये दृष्टिहीनांच्या संघटनांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले. बसमधून उतरलेल्या दृष्टिहीन व्यक्तीला आवाज न करता येणारी सायकल कळत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी ट्रॅकची पातळी उंचावून सायकलचा वेग कमी करणे आणि पादचाऱ्याला स्पष्ट प्राधान्य देणे गरजेचे ठरते. एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये, हेही आराखड्याचेच काम आहे.

नेदरलँड्सला हे कसे साधले?

हा देश पहिल्यापासून सायकलस्नेही होता, हा समज अर्धाच खरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी झपाट्याने वाढल्या, सायकली घटल्या. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यावर मृत्युमुखी पडले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यावरून ‘मुलांची हत्या थांबवा’ या आंदोलनाला नाव मिळाले. पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही विचार करायला भाग पाडले.

त्यानंतर जे झाले ते आपल्यासाठी अधिक उद्बोधक आहे. १९७० च्या दशकात द हेग आणि टिलबर्ग या शहरांत प्रत्येकी एक देखणा, प्रात्यक्षिकासाठीचा सायकल मार्ग बांधण्यात आला. त्या मार्गांवर सायकली आल्या, पण शहरात एकूण सायकल वापर फारसा वाढला नाही. मग डेल्फ्ट या शहराने वेगळा प्रयोग केला. एकाच दिमाखदार मार्गाऐवजी शहरभर जोडलेले जाळे विणले. तुटलेले दुवे जोडले, लहान पूल आणि भुयारी मार्ग केले. तिथे सायकल वापर वाढला. तेव्हापासून ‘मार्ग नव्हे, जाळे’ हा तेथील नियोजनाचा पाया ठरला.

स्पेनमधील सेव्हिल शहराने हाच धडा घेतला. २००६ ते २०१० या काळात तिथे सुमारे १२० किलोमीटरचे जोडलेले जाळे उभे राहिले. त्यासाठी प्रामुख्याने पार्किंगची जागा घेण्यात आली. सायकल प्रवासाचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून काही वर्षांत सहा-सात टक्क्यांच्या आसपास पोहोचले. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणारे हे शहर आहे. त्यामुळे ‘आपल्या हवेत सायकल शक्य नाही’ हा युक्तिवादही तितकासा टिकत नाही.

पुण्यात काय चुकले?

पुण्याकडे योजनांची कमतरता नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. त्यात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे प्रस्तावित होते. त्याच सुमारास भाडेतत्त्वावरील सायकलींच्या योजनाही आल्या आणि काही काळात दिसेनाशा झाल्या.

प्रत्यक्ष रस्त्यावर चित्र वेगळे राहिले. ट्रॅकच्या मध्ये विजेची डीपी, झाड किंवा चेंबरचे वर आलेले झाकण. प्रत्येक सोसायटीच्या आणि दुकानाच्या दारात ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणजे शंभर मीटरमध्ये चार-पाच धक्के. पेव्हर ब्लॉक खचले की पावसाळ्यात त्यात पाणी साचते. पुढे पदपथ अरुंद झाला की ट्रॅक संपतो. उत्सवात मांडव, एरवी पथारी आणि चारचाकी. सायकलस्वार सरळ रस्त्यावर उतरतो. मग ‘एवढा खर्च केला तरी ट्रॅक वापरत नाहीत’ असा ठपका त्याच्यावरच ठेवला जातो.

विहिरीसाठी एका जागी पन्नास फूट खणायचे सोडून पाच ठिकाणी दहा-दहा फूट खणले आणि पाणी लागत नाही म्हणून जमिनीला दोष दिला, तसा हा प्रकार आहे. अर्ध्या-पाऊण किलोमीटरचे सुटे तुकडे कितीही बांधले तरी त्यांची बेरीज म्हणजे जाळे होत नाही.

दुचाकींचे काय करायचे?

युरोपातील आराखडा जसाच्या तसा उचलून आपल्याकडे चालत नाही, याचे सर्वात मोठे कारण म्हणजे दुचाकी. कोंडी झाली की दुचाकीस्वार पहिल्यांदा ट्रॅकवर चढतो. तो स्वतःही सुरक्षित नाही. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू झाले, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. पादचारी ३२ हजारांहून अधिक, तर सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते.

दुचाकी रोखण्यासाठी ट्रॅकच्या तोंडाशी बोलार्ड लावले जातात, पण इथे एक पेच आहे. सायकलच्या आणि दुचाकीच्या हँडलच्या रुंदीत फार फरक नसतो. बोलार्ड एवढे जवळ लावले की दुचाकी शिरू नये, तर मालवाहू तीनचाकी सायकल, हातगाडी आणि व्हीलचेअरही अडते. अंतर वाढवले तर दुचाकीला रान मोकळे. त्यामुळे नुसत्या बोलार्डवर भिस्त ठेवून भागत नाही. ट्रॅक पूर्ण लांबीत कठड्याने किंवा उंचीने वेगळा असणे, मध्येच चढायला जागा नसणे आणि सुरुवातीच्या काळात वाहतूक पोलिसांची सातत्याने कारवाई, हे तिन्ही एकत्र लागते.

रुंदीचा प्रश्नही असाच. सायकलचे हँडल साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरचे असते. चालवताना सायकल थोडी डोलते, म्हणून एका सायकलला सुमारे एक मीटर जागा लागते. संथ चाललेल्याला मागे टाकायचे तर दोन मीटर हवेत. दीड मीटरच्या ट्रॅकमध्ये खांब आला की उरलेल्या जागेतून सायकल काढणे ही कसरत होते. सायकल ट्रॅकसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच मार्गदर्शक मानक काढले आणि २०१५ मध्ये ते सुधारले. म्हणजे आपल्याकडे नियमांचा अभाव नाही. कंत्राटदाराने केलेले काम त्या नियमांवर तपासून न पाहताच त्याचे देयक काढले जाते, तिथे अडते.

ट्रॅक रिकामे असतील तर जागा कशाला अडवायची?

ट्रॅक काढून टाकण्यामागे हाच युक्तिवाद असतो. तो ऐकायला बिनतोड वाटतो. पण ट्रॅक रिकामा का आहे, हे आधी तपासले पाहिजे. रेल्वे स्थानकापासून सुरू न होणारा, कार्यालयाच्या दारापर्यंत न पोहोचणारा आणि मध्ये चार ठिकाणी तुटलेला मार्ग रिकामाच राहणार. संकुलातल्या संकुलात फिरणारा ट्रॅक सकाळच्या व्यायामाला चालतो, कामावर जायला नाही.

सायकल कोण चालवतो, याबद्दलही गैरसमज आहे. रविवारी हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघालेले गट चटकन नजरेत भरतात. रात्री दहा वाजता पाळी संपवून घरी निघालेला सुरक्षारक्षक, पहाटे दूध-वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, बांधकामावरचा मजूर हे सहसा नजरेत येत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख लोक सायकलने कामावर जात होते. दुचाकीने जाणाऱ्यांची संख्या तेव्हा याच्या आसपास, किंबहुना थोडी कमी होती. यांच्याकडे रस्ता सोडण्याचा पर्याय नसतो. ट्रॅक नसला तरी ते सायकल चालवणारच. प्रश्न फक्त ते किती धोका पत्करून चालवणार एवढाच आहे.

व्यापाऱ्यांचा पार्किंगबाबतचा आक्षेपही दुर्लक्षून चालणार नाही. दुकानासमोर माल उतरवायला जागा लागते. ती ठरावीक वेळेत आणि ठरावीक ठिकाणी दिली नाही, तर टेम्पो ट्रॅकवरच उभा राहणार. आराखडा करताना ही जागा राखणे हे ट्रॅकच्याच हिताचे असते.

न्यायालये आणि कायदा काय म्हणतात?

देशभरात वेगळे सायकल ट्रॅक बांधण्याचे निर्देश द्यावेत, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली. गरिबांना घरे, पाणी, आरोग्य या मूलभूत सुविधा देण्यासाठी राज्यांकडे निधी नसताना असा आदेश कसा द्यायचा, असा न्यायालयाचा सूर होता. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्ते सुरक्षेबाबतच्या एका जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१ए) आणि २१०डी खाली सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. यातील पहिले कलम पादचारी आणि विनाइंजिन वाहनांच्या वावराबाबत आहे, तर दुसरे राष्ट्रीय महामार्ग वगळता अन्य रस्त्यांच्या आराखडा, बांधणी आणि देखभालीच्या मानकांबाबत.

दोन्ही आदेश वरवर परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. सर्वत्र ट्रॅक बांधा, असा आदेश न्यायालय देणार नाही. पण रस्ता बांधायचाच असेल तर तो कोणत्या मानकांनुसार, हे राज्यांनी नियमांत लिहिले पाहिजे. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८एनुसार, रस्त्याच्या आराखड्यात किंवा बांधणीत ठरवून दिलेली सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सायकल ट्रॅकही रस्त्याचाच भाग आहे.

पोवई तलावाकाठच्या सायकल मार्गाचे प्रकरण आणखी एक धडा देते. तलावात भराव टाकून होणारे ते काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवून भराव काढण्याचा आदेश दिला. सायकलला जागा द्यायची ती तलावातून किंवा पदपथातून नव्हे, तर रस्त्यातून. आणि नेमके तेच टाळले जाते.

चांगला ट्रॅक ओळखायचा कसा?

आपल्या प्रभागात ट्रॅक होणार असेल किंवा झालेला असेल, तर नागरिकांना पाच साध्या कसोट्या लावता येतील. ट्रॅक शाळा, स्थानक, बाजार अशा दोन ठिकाणांना न तुटता जोडतो का? दोन सायकली शेजारून जातील एवढी सलग रुंदी मिळते का? सोसायटीच्या दारात ट्रॅक सपाट राहतो आणि मोटारीला चढावे-उतरावे लागते, की उलट? चौकात सायकलसाठी आखलेली जागा, थांबरेषा आणि सिग्नल आहे की ट्रॅक आधीच संपतो? आणि त्याची झाडलोट, दुरुस्ती, अतिक्रमण हटवणे यांची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे, हे कोणी सांगू शकते का?

पाचपैकी चौथी कसोटी सर्वात महत्त्वाची. निधी मर्यादित असेल तर वीस किलोमीटर रंगवण्याऐवजी दोन किलोमीटर आणि त्यातले सगळे चौक नीट करणे अधिक उपयोगाचे. पुढच्या वर्षी त्यालाच जोडून पुढचे दोन किलोमीटर. डेल्फ्टचा अनुभव हेच सांगतो आणि कोपनहेगनचे आकडेही. वेगळा ट्रॅक सायकलस्वाराला सुरक्षित करतो, पण तो त्याला चौकापलीकडे सुखरूप पोहोचवत असेल तरच. नाही तर रात्री पाळीवरून परतणारा माणूस चकचकीत ट्रॅक सोडून पुन्हा ट्रकच्या शेजारून निघतो आणि ट्रॅक रिकामा असल्याचा आणखी एक पुरावा नोंदवला जातो.